वाकळीला उठाव आणायचा तर: टाका, भर आणि घडी

वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांचे थर शिवून केलेली गोधडी. ती सपाट वाटते म्हणून बहुतेकजणी वरून काहीतरी लावायला जातात. लेस, टिकल्या, आरसे, जाडजूड ठिगळं. त्यानं वाकळ जड होते, पण तिला उठाव येत नाही. उठाव सावलीतून दिसतो. जो भाग वर आलेला दिसायला हवा, त्याच्या शेजारचा भाग टाक्यांनी दाबून खाली बसवावा लागतो. टाका जिथे दाट तिथे कापड बसतं, जिथे विरळ तिथे फुगतं. पुढच्या सगळ्या कृती या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून काम करताना प्रत्येक वेळी आधी हे ठरवा की काय दाबायचं आणि काय मोकळं सोडायचं.

कोल्हापूर जिल्ह्यात वाकळ शिवणारे हात अजून पुष्कळ आहेत. कागल, राधानगरी, शाहूवाडीकडच्या घरांत जुन्या इरकल साड्यांच्या आणि धोतरांच्या वाकळा आजही पांघरायला निघतात. त्यांच्यावरच्या सरळ धावदोऱ्यानं (खाली-वर जाणाऱ्या साध्या टाक्यानं) जो पोत येतो, तो मशीनच्या शिलाईत येत नाही असं माझं ठाम मत आहे. या लेखात तीच पद्धत पाया धरून ३ फूट बाय ४ फुटांची एक छोटी वाकळ शिवू. मध्ये भर घालून उठवलेला मासा, त्याच्या बाजूंना नाडीची नक्षी आणि चुण्यांच्या पट्ट्या, भोवती दाट धावदोरा, कडेला दुमडलेले त्रिकोण. सगळं एकाच वाकळीत करायलाच हवं असं नाही. पहिल्यांदा करत असाल तर मासा आणि धावदोरा एवढंच घ्या.

आधी नमुन्याचा तुकडा

हा टप्पा वगळू नका. १५ इंची चौकोनात वर एक जुनं सुती कापड, मध्ये भर, खाली अस्तर असे थर घ्या आणि खडूनं चार भाग पाडा. पहिल्या भागात एक इंच अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घाला, दुसऱ्यात अर्ध्या इंचावर, तिसऱ्यात पाव इंचावर. चौथा भाग नुसताच सोडा. धुवा, वाळवा, आणि संध्याकाळी दिवा एका बाजूला जमिनीलगत ठेवून त्याच्या तिरप्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटच्या वरून येणाऱ्या उजेडात सगळं सपाट दिसतं, त्यामुळे पोत तपासायला तो निरुपयोगी. तुमचा हात, तुमचा दोरा आणि तुमची भर मिळून किती उठाव देतात हे या तुकड्यावर कळतं, आणि पुढची सगळी मापं त्यावरून ठरवता येतात.

कापड, भर, दोरा

वरच्या थराला जुनं, मऊ झालेलं सुती कापड घ्या. जुन्या साडीत सुई सहज जाते आणि टाक्याभोवती कापड छान दबतं. कडक, खळीचं कापड दबत नाही, त्यावर टाका नुसता वर तरंगतो.

वेगवेगळ्या विणींची कापडं शेजारी आली की शिवण्याआधीच थोडा पोत मिळतो. इरकलीचा काठ घट्ट आणि जाड, पदर रेशमी चमकीचा. गुळेदगुड्डच्या खणाला (चोळीच्या कापडाला) विणीतलीच बारीक नक्षी असते. धोतराचं कापड अगदी शांत, बिनचमकीचं. मधल्या माशामागे शांत कापड आणि चौकटीला काठ ही जोडी मला सगळ्यात आवडते, कारण चमकदार किंवा छापील कापडावर टाक्यांची सावली हरवते. फुलाफुलांच्या छापील साडीवर कितीही मेहनत केली तरी उठाव लांबून दिसणार नाही. असं कापड अस्तराला वापरा.

नवं कापड लागलं तर गांधीनगरच्या बाजारात पॉपलिन, कँब्रिक, मलमल सगळं मिळतं. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात साधं सुती कापड हाताशी आहे. काठ, दोरे, नाड्या महाद्वार रोडच्या आसपास शोधा. शिंप्याकडची कात्रणंही घ्या, पण त्यातली टेरिकॉटची बाजूला काढा. सुती कापडाशेजारी ती आटत नाहीत आणि धुतल्यावर जोड वाकडे होतात.

लाल, जांभळा, गर्द हिरवा रंग जाईल का ते आधीच पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ चोळा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळं धुवत राहा, आणि रंग थांबेपर्यंत वाकळीत घेऊ नका.

भरीसाठी माझी पसंती जुन्या सुती साड्यांच्या दोन-तीन थरांना. वाकळ लवचिक राहते, कोल्हापूरच्या हवेत वर्षभर पांघरता येते आणि धुतल्यावर गोळे होत नाहीत. जास्त फुगीर हवी असेल तर पॉलिस्टरची भर मिळते. ती १००, १५०, २०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) अशा वजनावर विकतात. हातानं शिवणाऱ्यांनी १०० च्या वर जाऊ नये. त्याहून जाड भरीत टाका लहान घालता येत नाही, आणि टाका लांब झाला की सगळी नक्षी ढिली दिसते.

आणखी एक उपयोगी युक्ती. भरीतला एक थर मुद्दाम न धुतलेल्या नव्या सुती कापडाचा ठेवायचा. वरचं कापड आधीच आटलेलं असतं, आतलं पहिल्या धुण्यात आटतं, आणि वरच्यावर टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्या उठतात. किती आटेल ते मोजून घ्या. २० इंची चौकोन कापून धुवा, वाळवा, परत मोजा. १९ इंच भरला तर पाच टक्के आट. एवढी आट चांगला पोत देते. याहून बरीच जास्त असेल तर वाकळ गोळा झाल्यासारखी दिसेल.

दोरा सुती आणि जाड हवा. भरतकामाची सहा पदरी लडी असेल तर तीन पदर घ्या. नायलॉनचा कडक दोरा टिकतो खरा, पण काही वर्षांनी तोच जुनं कापड कापतो. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा घेऊ नका, आणि मेणावरून एकदा ओढून घ्या म्हणजे पीळ पडत नाही. सुई मोठ्या नेढ्याची, पण बारीक अंगाची. दाभणानं भोकं पडतात, ते फक्त नाडी ओवायला ठेवा. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) घालाच. चार थर टोचून दिवसभर बसायचं आहे.

भर घालून उठवलेला मासा

हे काम थर लावण्याआधी, फक्त वरच्या कापडावर होतं. नक्षी म्हणून कोल्हापुरी साजातला, म्हणजे इथल्या पारंपरिक गळ्यातल्या दागिन्यातला मासा घेतला आहे. साजाच्या पानांमध्ये दशावतारांतले मासा आणि कासव असतात. त्यांची बाह्यरेषा सोपी असते आणि पोट भरीव, म्हणून भर घालायला हे आकार उत्तम. कोयरीही चालेल. बारीक फांद्या, टोकदार पाकळ्या टाळा. पाऊण इंचापेक्षा अरुंद जागेत कापूस नीट जात नाही.

मधला आयत १४ बाय २६ इंचांचा कापा, शिवणीला चारी बाजूंनी पाव इंच जास्त धरून. त्याच्या उलट बाजूला मलमलीचा तुकडा कच्च्या टाक्यानं जोडा. मलमलीवर पेन्सिलीनं दहा-अकरा इंच लांबीचा मासा काढा. माशाचं तोंड उलट दिशेला येईल हे लक्षात ठेवून काढा. मग बाह्यरेषेवर उलटी टीप (प्रत्येक टाका मागे घेऊन सलग रेष करणारी) घाला. साधा धावदोरा इथे पुरत नाही, कारण भर घातल्यावर त्याच्या फटींतून कापूस डोकावतो. डोकं आणि पोट वेगळं करणारी एक वक्र रेषा, शेपटी वेगळी करणारी दुसरी. असे तीन कप्पे झाले.

आता मलमलीच्या बाजूनं प्रत्येक कप्प्यात एक लहान चीर द्या, जेमतेम अर्धा-पाऊण इंच. कात्रीचं टोक वरच्या कापडाला लागणार नाही याची काळजी घ्या. मलमल चिमटीत उचलून धरली की धोका राहत नाही. कप्पा लहान असेल तर चीरही नको, सुईनं विणीचे धागे बाजूला सारा आणि भर झाल्यावर परत जुळवा.

कापूस पिंजलेला घ्या, आणि बोटांनी विंचरून नखाएवढे पुंजके करा. औषधाच्या दुकानातला कापूस नको. तो पाणी शोषून घट्ट गोळा होतो. विणकामाच्या बोथट सुईनं पुंजके आत सरकवा. सुरुवात कडेपासून आणि टोकांपासून, शेवटी मधोमध. उलट केलंत तर पोट टम्म आणि कडा रिकाम्या राहतात, आणि बाह्यरेषा पुसट होते. पोटात भर जास्त, डोक्यात मध्यम, शेपटीत अगदी थोडी. सगळीकडे सारखी भरली तर मासा उशीसारखा दिसेल. वेगवेगळी भरली तर शेपटीपासून पोटाकडे सावली हळूहळू वाढत जाते.

किती भर पुरे ते बोटानं कळतं. दाबल्यावर कापड हळूच परत वर यायला हवं. भोवतालच्या कापडाला सुरकुत्या पडू लागल्या की भर जास्त झाली, लगेच थोडी काढा. तसंच शिवलं तर ती ओढ पुढे थरांत राहते आणि वाकळ कधीच सपाट पसरत नाही. चिरा सैल तिरप्या टाक्यांनी जोडा. घट्ट ओढलं तर पुढच्या बाजूला खळगा पडतो.

पोटाचा कप्पा दोन-तीन इंचांहून रुंद असेल तर पुढे सगळे थर जोडताना त्यात खवल्यांचे चार-पाच छोटे टाके आरपार घाला. मासाही सजतो आणि धुताना कापूस सरकत नाही.

नाडीची नक्षी

आयताच्या दोन्ही लांब बाजूंना, कडेपासून दोन इंच आत, एक वळणाची वेल काढा. हेही वरचं कापड आणि मलमल एवढ्यावरच. वेलीच्या दोन समांतर रेषा, मध्ये पाव इंच अंतर, दोन्हींवर बारीक धावदोरा. या दोन रेषांमध्ये जो बोगदा तयार होतो त्यातून परकराची सुती नाडी किंवा चार-पाच पदर लोकर ओवायची. नाडी आधी गरम पाण्यात धुऊन घ्या. न धुता ओवलीत तर ती पुढे आटेल आणि वेलीसकट कापड गोळा करील. ज्यूटची सुतळी वापरू नका, ती टोचते आणि डाग पाडते.

दाभणाचं टोक बोथट करून मलमलीच्या बाजूनं आत घाला. वळण आलं की दाभण मलमलीतून बाहेर काढा, नाडीचा तांदळाएवढा फास बाहेर राहू द्या, आणि त्याच भोकातून परत आत जा. तो फास फार महत्त्वाचा. त्याच्यावाचून वळणावर नाडी ताणली जाते आणि वेलीचा गोलावा मोडतो.

चुण्यांची पट्टी

आयताच्या आखूड बाजू १४ इंचांच्या. त्यांना ३ इंच रुंदीची चुणीदार पट्टी जोडू. दर इंचावर एक चुणी धरली तर १३ चुण्या. प्रत्येक चुणी पाव इंच उंच, म्हणजे ती अर्धा इंच कापड खाते. १३ चुण्यांना साडेसहा इंच, मूळ १४, आणि दोन टोकांच्या शिवणीला मिळून अर्धा इंच. एकूण २१ इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद पट्टी कापा. दर दीड इंचावर आडवी रेष मारा, रेषेवर कापड दुमडा, घडीपासून पाव इंचावर टीप मारा. ही टीप मशीनवर घातली तरी चालते.

नुसत्या एका बाजूला इस्त्री केलेल्या चुण्या छान असतात, पण त्यांना लाटेत वळवलं तर उठाव कितीतरी वाढतो. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला सगळ्या चुण्या उजवीकडे झोपवून कच्चा टाका घाला. मग पट्टीच्या बरोबर मधून, प्रत्येक चुणी डावीकडे वळवत, एक धावदोरा चालवा. चुणी दोन्ही कडांना एकीकडे आणि मध्ये दुसरीकडे वळते, आणि बाजूच्या उजेडात पट्टी हलल्यासारखी दिसते. यासाठी एकरंगी, थोडं घट्ट विणीचं कापड घ्या. मलमलीच्या चुण्या पहिल्या धुण्यातच बसतात.

मग या सगळ्याभोवती साडीचे आणि काठांचे पट्टे जोडत वरचा थर ४० बाय ५२ इंचांचा करा. पूर्ण माप ३६ बाय ४८ आहे, पण दाट टाक्यांनी कापड सगळीकडून आत ओढलं जातं, म्हणून प्रत्येक बाजूला दोन इंच जास्त.

थर लावणं

अस्तर फरशीवर उलटं अंथरा आणि कडा चिकटपट्टीनं ताणून बसवा. ताण बेताचा. त्यावर भरीचे थर, प्रत्येक थर मधून बाहेर हातानं सारखा करत. शेवटी वरचा थर. चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असं काही वजन ठेवा आणि चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चा टाका घाला. पिनांवर भागवू नका. वाकळ मांडीवर वळते तेव्हा पिना निसटतात आणि थर सरकतात.

पारंपरिक वाकळ कडेकडून चौकटी घालत मध्याकडे शिवत नेतात. थर सपाट आणि पातळ असतात तेव्हा ती पद्धत उत्तम. या वाकळीत मात्र मध्ये मासा फुगलेला आहे. कडेपासून सुरुवात केली तर जास्तीचं कापड मध्याकडे ढकललं जाईल आणि माशाभोवती फुगा येईल. म्हणून इथे सुरुवात माशाला लागून करा आणि बाहेर जा.

धावदोरा

खरा उठाव आता येतो. माशाच्या बाह्यरेषेला अगदी लगटून पहिला धावदोरा, सगळ्या थरांतून. दुसरा त्याच्यापासून पाव इंचावर, तोच आकार धरून. असे पाच-सहा फेरे. प्रत्येक फेऱ्यागणिक मासा वर येताना दिसेल, जरी त्याच्यात तुम्ही आणखी एक पुंजकाही भरलेला नाही. आयताच्या उरलेल्या जागेत ओळी अर्ध्या इंचावर न्या, वेलीच्या दोन्ही बाजूंना मात्र पुन्हा पाव इंच. आयताबाहेर चौकटी चौकटीनं, आधी अर्धा इंच, मग पाऊण, कडेजवळ एक इंच. मध्ये दाट आणि कडेला मोकळं असं ठेवलं की नजर मध्यावर जाते आणि कडेची वाकळ अंगावर मऊ पडते. सगळीकडे पाव इंचावर टाका घातला तर मेहनत तिप्पट होते आणि उठाव उलट कमी दिसतो, कारण मोकळी जागाच उरत नाही.

टाके एकमेकांशी कसे बसतात याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. शेजारच्या ओळीतले टाके समोरासमोर आले तर टाक्यांची खाली दबलेली रांग आणि दोन टाक्यांमधली वर राहिलेली रांग अशा सऱ्या उमटतात. एका ओळीतला टाका शेजारच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर आला तर सऱ्या मोडतात आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक लाटा येतात. नमुन्याच्या तुकड्यावर दोन्ही करून पाहा. मी माशाभोवती लाटा आणि बाहेरच्या चौकटींत सऱ्या घालते. एकाच रंगाच्या कापडावर, एकाच दोऱ्यानं दोन वेगळे पोत शेजारी येतात.

टाक्याची लांबी इंचाला तीन ते चार. वरचा टाका आणि खालचा टाका सारखा ठेवा. चार-पाच टाके सुईवर घ्या, ओढा, आणि वीतभर ओळ झाली की दोरा किंचित, अगदी किंचित आवळा. कापडाला हलकी चुणी पडली पाहिजे, ओळ आखडता कामा नये. हा आवळ सगळ्या वाकळीभर सारखा राहणं हीच या कामातली खरी कसोटी. थकल्यावर हात घट्ट ओढू लागतो, तेव्हा थांबा. दोघी-तिघी मिळून शिवत असाल तर प्रत्येकीनं एकेक बाजू न घेता जागा बदलत राहा. नाहीतर एका बाजूला टाके घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल पडतात, आणि वाकळ तिरकी होते.

दोरा संपला की गाठ वर ठेवू नका. गाठ मारून सुई थरांमध्ये घाला, हलका झटका देऊन गाठ आत ओढा, सुई इंचभर पुढे काढा आणि दोरा कापा.

कोपऱ्यांतली फुलारलेली ठिगळं

हे ऐच्छिक आहे, पण मुलांना हात फिरवायला फार आवडतं. पाच इंची चौकोनात सुती कापडाचे चार थर घ्या, वेगवेगळ्या रंगांचे. कोपऱ्यात ठेवून सगळ्यांतून उरेब, म्हणजे तिरक्या, ओळी अर्ध्या इंचावर शिवा. मग प्रत्येक दोन ओळींच्या मधोमध वरचे तीन थर कापा, सगळ्यात खालचा राखा. धुतल्यावर कापलेल्या कडा फुलारतात आणि आतले रंग डोकावतात. ओळी उरेबच हव्यात. सरळ धाग्यावर कापलं तर कडेचे धागे सुटत जातात आणि ठिगळ विरतं.

वाकळ लहान मुलासाठी असेल तर बटणं, मणी, आरसे, घुंगरू काहीही लावू नका. सुटून तोंडात जाण्याचा धोका असतो.

कड

वाकळ ३६ बाय ४८ ला कापून सरळ करा. कडेच्या त्रिकोणांसाठी ३ इंची चौकोन तिरपा दुमडा, परत एकदा दुमडा. ३ इंच पायाचा, दीड इंच उंचीचा त्रिकोण मिळतो. एकाची घडी दुसऱ्याच्या घडीत थोडी सरकवून रांग लावा, टोकं वाकळीच्या आतल्या बाजूला ठेवून वरच्या थराला शिवा, मग बाहेर उलटा आणि अस्तराची कड दुमडून तुरपाई करा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांचं फूल लावतात, आणि त्यावाचून कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. सगळ्या कडेला त्रिकोण करायचा कंटाळा असेल तर तसे चार कोपरे करा, शोभून दिसतात.

धुणं आणि ठेवणं

पहिलं धुणं हा शिवण्याचाच भाग आहे. आतलं कापड आटतं, टाके बसतात, सुरकुत्या उठतात, त्यामुळे धुण्याआधी वाकळीबद्दल मत बनवू नका. कोल्हापुरात हे धुणं मे अखेरीपर्यंत उरका, नाहीतर सरळ नवरात्राआधीच्या धुण्यात घ्या. पावसाळ्यात इतके थर लवकर वाळत नाहीत, आणि आत ओल राहिली की कापसाला बुरशीचा वास लागतो.

नदीकाठच्या दगडावर आपटून धुण्याची सवय असेल तर ही वाकळ त्यातून वगळा. आपटल्यानं मासा चपटा होतो. साध्या पाण्यात सौम्य साबणानं भिजवून हातानं दाबत धुवा, पिळू नका, जुन्या चादरीत गुंडाळून पाणी दाबून काढा. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं मधली ओळ ताणली जाते. बाजेवर किंवा गच्चीवर चादर अंथरून सपाट वाळवा. अर्धी वाळली की माशाचा कापूस बोटांनी हलकेच मोकळा करा आणि उलटून अस्तराकडून ऊन द्या. इस्त्री करू नका.

ठेवताना घडी न घालता गुंडाळी करा, नक्षीची बाजू बाहेर, आणि गाद्यांच्या ढिगाखाली घालू नका. वापरात माशाभोवतीचा टाका तुटला तर लगेच शिवा. आधी त्या ओळीतली पुढची चार बोटं उसवा, म्हणजे जुना आणि नवा दोरा एकमेकांवर चढवून घट्ट करता येतो. नुसती गाठ मारून सोडलं तर तिथला दाब जातो आणि कापूस त्या बाजूला सरकायला लागतो.